धरणीची ओढ

मार्च सरत आला की पांढरकवड्याच्या रानात मोह गळू लागतो. रात्र उतरणीला लागली की फुले देठातून सुटतात आणि उजाडेपर्यंत झाडाखालची झाडून ठेवलेली जमीन पिवळसर होऊन जाते. कोलामांच्या, गोंडांच्या बाया टोपल्या घेऊन वेचायला येतात, तेव्हाही वर गळ चालूच असते. इतकी शांतता असते की एकेका फुलाचे पडणे वेगळे ऐकू येते. रसाने जड झालेले फूल सरळ खाली येते. शेजारच्या सागाचे वाळके पान मात्र वळत, रेंगाळत, वाऱ्याची विचारपूस करत उतरते. दोघांना ओढणारी धरणी एकच आहे. पानाला हवा अडवू शकते, फुलाला फारशी अडवू शकत नाही, एवढाच काय तो फरक.

ही ओढ आपल्या डोळ्यांदेखत अखंड चालू असते आणि म्हणूनच ती दिसत नाही. सुटलेली कोणतीही वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे 4.9 मीटर खाली येते. दर सेकंदाला तिचा वेग सेकंदाला 9.8 मीटरने वाढत जातो. मोहाचे फूल असो, बोर असो, टिपेश्वर अभयारण्यातल्या एखाद्या कड्यावरून निसटलेला दगड असो, हवेचा हिशेब बाजूला ठेवला तर सगळ्यांचे पडणे सारखे. माणसाच्या खांद्याच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, सुटलेले बोर अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळात मातीला लागते. चितळ दीड मीटर उंच उडी घेते, तेव्हा उडीच्या माथ्यावरून खाली यायला त्यालाही तेवढाच वेळ लागतो. रानातले हे सगळे पडणे एका तालात चालले आहे. कुणी कुणाच्या पुढे नाही, कुणी मागे नाही.

आता त्याच खांद्याच्या उंचीवर कुणी रायफल आडवी धरली, नळी जमिनीला अगदी समांतर ठेवली आणि चाप ओढला. त्याच क्षणी दुसऱ्या हातातून एक बोर सोडले. गोळी सेकंदाला 800 मीटरच्या वेगाने निघून गेली, बोर पायाशी पडले. सपाट माळ असेल आणि हवा आड येत नसेल, तर दोघे एकाच वेळी जमिनीला लागतील. बोर पायाजवळ, गोळी सुमारे 440 मीटर पलीकडे. गोळी पुढे धावत होती म्हणून तिचे पडणे थांबले नव्हते. नळीचे तोंड सोडले त्या क्षणापासून ती पडूच लागली होती. बंदुकीची गोळी सरळ रेषेत जाते, असे आपण समजून चालतो. ती कधीच सरळ जात नाही. नेमबाज नळी नकळत थोडी वर रोखतो, गोळी जराशी चढते आणि मग वाकून खाली येते. गॅलिलिओने 1638 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे वाकणे रेखाटले. पुढची चाल आणि खालचे पडणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि एक दुसरीच्या आड येत नाही, हे त्याने दाखवून दिले. मला हा निसर्गाचा फार मोठा उदारपणा वाटतो. जगातली सर्वांत दांडगी वस्तूसुद्धा पडण्याच्या बाबतीत बोराहून वेगळी धरलेली नाही.

यवतमाळच्या शेतकऱ्याला हे गणित कुणी शिकवले नाही, पण त्याचा हात ते पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. ज्वारी दाण्यावर आली की पोपटांचे थवे उतरतात. मचाणावर उभी राहिलेली म्हातारी किंवा शाळेतून सुटून आलेले पोर गोफण फिरवते. एक दोरी बोटात अडकवलेली, दुसरी चिमटीत, मधल्या खोळीत नदीतला गोल गोटा. दोन-तीन गरके आणि नेमक्या क्षणी चिमूट सुटते. गोटा सेकंदाला 30 मीटर वेगाने निघाला आणि पोपट 50 मीटरवर बसलेले असले, तर तिथे पोचायला त्याला पावणेदोन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात धरणी त्याला सुटल्या रेषेपासून जवळजवळ 15 मीटर खाली ओढते. म्हणजे मचाणावरच्या म्हातारीने कणसाकडे रोखलेलेच नसते. कणसाच्या वरच्या 15 मीटर मोकळ्या आभाळाकडे तिने गोटा सोडलेला असतो. उरलेले काम धरणीचे. तिच्या मनगटाला हे ठाऊक असते. पोपटांनाही गोटा येताना दिसतो. तो पडायच्या आत थवा हिरवा कल्लोळ करत उठतो आणि शेजारच्या वावरात जातो. गोफणीच्या गोट्याला वाटेत वेळ असतो आणि त्या वेळात पाखरू वाचते.

गोळीकडे हा वेळ नसतो. सगळा फरक इथे आहे.

वेगाबरोबर गोळीची हवेशी गाठही वेगळी पडते. तुमच्या-आमच्या चालण्याला हवा वाट देते. सेकंदाला 800 मीटर वेगाने येणाऱ्या वस्तूला ती भिंत होते. साधारण रायफलीच्या गोळीला ती गोळीच्या वजनाच्या पन्नास-साठ पट जोराने मागे रेटते. धरणी खाली ओढते तिच्या वजनाइतक्या जोराने, हवा मागे ओढते त्याच्या कितीतरी पट. म्हणून गोळीची खरी वाट गॅलिलिओच्या सुबक वक्रासारखी राहत नाही. शेवटाकडे ती जास्त झपाट्याने झुकते. हे प्रथम मोजून दाखवले बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. 1742 मध्ये त्याने एक जड लाकडी ठोकळा टांगला, त्यावर गोळी झाडली आणि ठोकळा किती झुलला त्यावरून गोळीचा वेग काढला. ठोकळा वेगवेगळ्या अंतरांवर ठेवत गेला, तसे त्याला दिसले की हवा गोळीचा वेग कुणाला वाटले नव्हते एवढा खाऊन टाकते. हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची कामे पाहायला आपल्या देशात आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. अदृश्य हवेचे बळ ज्याने मोजले, तो शेवटी इथल्याच मातीत विसावला, हे वाचल्यापासून त्याच्याविषयी मला एक आपलेपण वाटत आले आहे.

आणि ही हवा वर्षभर एकसारखी नसते. मे महिन्यात यवतमाळात पारा 45 अंशांवर जातो, डिसेंबरच्या पहाटे दहाच्या आसपास उतरतो. उन्हाळ्यातली तापलेली हवा हिवाळ्यातल्यापेक्षा दहा-बारा टक्क्यांनी विरळ असते. तीच रायफल, तीच गोळी, तोच माळ, तरी मे महिन्यातली गोळी थोडी लांब जाते. आवाजाचा वेगही बदलतो. थंडीच्या पहाटे तो सेकंदाला सुमारे 337 मीटर असतो, वैशाखाच्या दुपारी 357 च्या घरात जातो.

गोळी नळीतून बाहेर पडते ती स्वतःभोवती फिरत. नळीच्या आतल्या अंगाला मळसूत्री आटे असतात, त्यांच्यातून घासत जाताना तिला गरका मिळतो. एक फुटात एक फेरी, असे आटे असले तर सेकंदाला अडीच हजारांहून जास्त फेऱ्या होतात. अंगणात फिरणारा भोवरा जसा कलत नाही, तशी ती गरक्यामुळे तोंड पुढे ठेवून जाते. गरका नसता तर लांबट गोळी हवेत कोलांट्या खात भलतीकडे गेली असती. या गरक्यामुळेच ती दूरवर जाताना जराशी एका बाजूला सरकतेही. शिवाय ती हवेत असताना खाली पृथ्वी फिरतच असते. यवतमाळच्या अक्षांशावर एक किलोमीटर जाणारी गोळी केवळ पृथ्वीच्या फिरण्याने चारेक सेंटीमीटर उजवीकडे गेलेली दिसते. चाप ओढणाऱ्याला वाटते, आपण आणि आपले सावज, दोघेच आहोत. प्रत्यक्षात दोघांच्या मध्ये ऋतू असतो, हवा असते आणि अख्खी फिरती पृथ्वी असते.

आवाजाहून वेगवान वस्तू हवेतून जाते, तेव्हा हवेला आधी सूचना मिळत नाही. कारण हवेतली सूचना आवाजाच्याच वेगाने जाते. मग गोळीच्या तोंडापाशी हवा एकदम दाबली जाते, त्या दाबाची एक लाट पाचरीच्या आकारात मागे पसरते आणि ज्याच्या कानाशी ती येते त्याला फटका ऐकू येतो. 1886 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांच्या कल्पनेवरून पीटर साल्खर यांनी या लाटेचे छायाचित्र घेतले आणि धावती गोळी आपल्यापुढे हवेला कशी चेपते ते माणसाने पहिल्यांदा पाहिले. आपल्या शेतकऱ्याच्या हातात मात्र ही गोष्ट केव्हाची होती. आसूड उडवल्यावर टोकाचा जो कडाका होतो, तो टोकाने आवाजाचा वेग ओलांडल्याचाच आवाज आहे. बैलाच्या पाठीवर न लागता हवेतच फुटणारा तो कडाका आणि रायफलीच्या गोळीचा हवेतला फटका हे एकाच जातीचे आहेत.

हे सगळे मी 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्रीमुळे लिहितो आहे.

त्या रात्री राळेगाव तालुक्यात, बोराटीजवळच्या रस्त्यावर, टी-1 या वाघिणीला गोळी लागली. लोक तिला अवनी म्हणत. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातल्या 13 माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. ती माणसे शेतकरी होती, गुराखी होती. बोराटी, सराटी, लोणीच्या शिवारात त्या दिवसांत कापूस वेचायला एकट्याने जायची कुणाची छाती होत नव्हती. जागलीला जाणारे मचाणावर जायचे थांबले होते. ती गेल्याचे कळल्यावर गावात फटाके फुटले, त्याबद्दल त्या लोकांना बोल लावायला माझी जीभ धजत नाही. ज्यांच्या घरातले माणूस धुऱ्यावरून परत आले नाही, त्यांचे दुःख दुरून तोलायचे नसते. आणि त्या वाघिणीची दोन बछडी होती, दहा-अकरा महिन्यांची, तिच्या मागे रान हुडकत राहिलेली. हेही तितकेच खरे आहे. दोन्ही दुःखे एकाच रानातली आहेत.

आदेश असा होता की तिला आधी बेशुद्ध करून पकडायचे, ते जमलेच नाही तर गोळी घालायची. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. शोध कित्येक आठवडे चालला. हत्ती आणले, कुत्री आणली, कॅमेरे लावले. शेवटी रात्री, अंधारात, फार जवळून एक गोळी सुटली. तिच्या मांडीवर बेशुद्धीचा डार्टही आढळला आणि तो कधी व कसा लागला, यावरूनच पुढचा वाद पेटला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी पथकाने त्या रात्रीच्या कारवाईवर ताशेरे ओढले. त्या वादात मी शिरत नाही. मला बोलायचे आहे ते त्या दोन वस्तूंबद्दल, ज्यांची नावे आदेशात एकामागोमाग आली होती. एक डार्ट, एक गोळी. दोन्ही नळीतूनच सुटतात, दोन्ही धरणीच्या एकाच ओढीखाली जातात. पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि ते अंतर वेळेचे आहे.

डार्ट म्हणजे पंख लावलेली औषधाची पिचकारी. ती दाबलेल्या हवेवर, सेकंदाला साठेक मीटर वेगाने जाते. याहून जोरात गेली तर सुई जनावराच्या हाडात घुसेल. 30 मीटरवरच्या वाघापर्यंत पोचायला तिला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती सव्वा मीटर खाली येते. डार्ट मारणाऱ्याला म्हणून गोफणवाल्या म्हातारीसारखे वरचे आभाळ पाहावे लागते. अंतर अचूक ताडावे लागते, वारा ओळखावा लागतो, मांडीचे जाड मांस दिसेल अशी वाट पाहावी लागते. आणि सुई लागल्यावरही काही मिनिटे जावी लागतात. जनावर चालत राहते, झुडपात शिरते, कुठे बसते ते शोधावे लागते. म्हणून उजेड लागतो, शेजारी पशुवैद्य लागतो. डार्टमधली प्रत्येक गोष्ट वेळ मागते.

गोळी काहीच मागत नाही. दहा मीटरवरच्या जनावरापर्यंत 800 मीटरच्या वेगाने पोचायला तिला एका सेकंदाचा ऐंशीवा भाग पुरतो. तेवढ्या वेळात धरणी तिला किती खाली ओढेल? एक मिलिमीटरसुद्धा नाही. ज्या ओढीने मोह गळतो, जिच्या आधाराने चितळ उडी घेऊन परत पायांवर येते, त्या ओढीला इथे हात लावायला सवडच मिळत नाही. तेवढ्याच अंतरावर आवाज पोचायला एका सेकंदाचा चौतिसावा भाग लागतो, म्हणजे गोळीच्या दुपटीहून जास्त वेळ. गोळी आधी पोचते, बार नंतर. ज्या कानांना वाळल्या पानावरचे पाऊल दुरून कळत होते, त्या कानांना तो बार आधी ऐकू आला नसणार.

गोळी लागल्यावर जनावर मागे फेकले जाते, असे चित्रपटात दाखवतात. तसे होत नाही. दहा ग्रॅमची गोळी 120 किलोच्या वाघिणीला लागून आतच थांबली, तर त्या धक्क्याने तिचे शरीर सेकंदाला सहा-सात सेंटीमीटर एवढेच सरकेल. गोगलगायीला नसेल, पण मुंगीला साधेल असा वेग. न्यूटनच्या नियमाप्रमाणे तेवढाच धक्का, किंबहुना बाहेर पडणाऱ्या वायूंमुळे थोडा अधिकच, झाडणाऱ्याच्या खांद्याला बसतो. रायफल खांद्याला लावणारा आणि गोळी झेलणारा, दोघांच्या वाट्याला हिसका जवळजवळ सारखा येतो. भेद आहे तो ऊर्जेचा. या गोळीत 3,200 ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेत 120 किलोची वाघीण जमिनीवरून नऊ फूट वर उचलली जाईल. अख्ख्या वाघिणीची एक भरदार झेप पेरभर शिशा-तांब्यात कोंडलेली, आणि ती एका बोटाएवढ्या वाटेत, क्षणाच्या तुकड्यात मोकळी होते. शरीर सरकत नाही, आतून फाटते. झाडणाऱ्याच्या खांद्यावर हाच धक्का रायफलीच्या वजनात, मोठ्या जागेवर आणि जास्त वेळात पसरतो, म्हणून तो उभा राहतो.

वाघीण स्वतः वेळेच्या बाबतीत फार सावध प्राणी आहे. सावजाच्या मागे ती तास तास दबा धरते, गवत हलू देत नाही, वारा उलटला तर उठून दुसरीकडून येते. शेवटची झेप मात्र धरणीच्या नियमाप्रमाणेच घ्यावी लागते. वर गेली की खाली यावेच लागते आणि तेवढ्या वेळात सावज वळू शकते. म्हणूनच वाघाच्या बहुतेक झेपा वाया जातात आणि म्हणूनच रानात चितळे उरतात. साग, ऐन, धावडा, तेंदूच्या या रानाचा सगळा समतोल या चुकणाऱ्या झेपांवर उभा आहे. हल्ला करणाऱ्याला वेळ लागतो, निसटणाऱ्याला वेळ मिळतो. गोफणीच्या गोट्यापर्यंत माणूसही याच व्यवहारात होता. गोळीने तो या व्यवहारातून बाहेर पडला, असे माझे स्पष्ट मत आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद करून त्याला पुन्हा आत घेतले, ते या देशाने रानाबाबत केलेले एक थोर काम आहे.

अवनीच्या बछड्यांपैकी मादीला डिसेंबर 2018 मध्ये पकडून पेंचच्या रानात नेले. बंदिस्त जागेत वाढवून तिला मार्च 2021 मध्ये मोकळे सोडले, तेव्हा दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत ती घायाळ झाली आणि त्याच महिन्यात गेली. रानात एकट्याने कसे राहायचे, ते शिकायला बछड्याला आईजवळ दीड-दोन वर्षे लागतात. त्या बछडीला ती मिळाली नाहीत.

1997 मध्ये अभयारण्य झालेले टिपेश्वर अवघे 148 चौरस किलोमीटरचे आहे. टिपाईच्या देवळाभोवतीच्या या एवढ्याशा रानात वाघ वाढतात आणि मावेनासे झाले की बाहेर पडतात. त्यांच्यापैकी एक नर 2019 मध्ये निघाला आणि तेलंगणाच्या कडेने, गावे, कालवे, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत पोचला. या प्रवासात बहुतेक वेळा त्याने रात्री चालून, दिवसा झुडपात निजून माणसांना चुकवले. जे वाघ असे निघतात, त्यांची वाट कपाशीच्या आणि तुरीच्या वावरांतूनच जाते. राळेगाव, घाटंजी, केळापूर, झरी जामणी, मारेगाव इथल्या शेतकऱ्याची आणि वाघाची गाठ पुन्हा पडणार आहे.

तेव्हा काय व्हावे, याचे उत्तर त्या दोन वस्तूंच्या चालीतच आहे. डार्टला जो वेळ लागतो, तो घटनेच्या रात्री कुठून आणता येत नाही. तो आधी राखून ठेवावा लागतो. पहिले जनावर मारले गेले, पहिला माग धुऱ्यावर दिसला, तेव्हापासून तो मोजायला हवा. तेराव्या मृत्यूनंतर, संतापलेल्या गावात, अंधारात कुणाच्याच हाती वेळ उरत नाही आणि मग हातात गोळीच येते. प्रत्येक वनविभागात डार्ट मारायला शिकलेला पशुवैद्य बारा महिने हजर असला पाहिजे. मेलेल्या गुराची भरपाई आठवड्यात हाती पडली पाहिजे, म्हणजे गुराखी ते जनावर लपवणार नाही आणि खबर वेळेत निघेल.

आणि यवतमाळच्या वावरांत राबणाऱ्या माझ्या वाचकांना एवढेच सांगणे आहे. वाघाचा माग, ओरखडा, ओढून नेलेले वासरू, जे दिसेल ते त्याच दिवशी वनरक्षकाला सांगा किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.